गाडी चुकली नसेल ना?

वसई तालुक्यातून आम्ही दोघी बोलतोय. आमच्यातली एक कनिष्ठ महाविद्यालयात फ्रेंच शिकवते आणि दुसरी बचत गटाची वही लिहिते. आजचा विषय ऐकून काही जणी रेडिओचा आवाज कमी करतील, पण जरा थांबा. विषय आहे फ्रेंच क्रियापदांचा. त्यातही सगळ्यात अवघड समजलं जाणारं रूप, ज्याला ते लोक ‘सुब्जोंक्तिफ पासे’ म्हणतात. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल शंका, भीती, आनंद, खंत सांगताना क्रियापद ज्या रूपात येतं, ते हे रूप.

बचत गटाच्या बायकांना याचं काय? तर आपल्या आगाशी, अर्नाळा, निर्मळ, नंदाखाल, वाघोली या भागातल्या पुष्कळ मुली अकरावीला फ्रेंच घेतात. गुण चांगले पडतात म्हणून घेतात. मराठी सोडून फ्रेंच घ्यावी का, हा वाद वेगळा आहे आणि त्यावर आमच्या दोघींचंही एकमत नाही. पण एकदा घेतल्यावर घरात काय होतं, ते आम्ही पाहतो. पहिले सहा महिने मुलगी हौसेने ‘बोंझूर, मेर्सी’ करते. मग क्रियापदं सुरू होतात आणि वही मिटते. आई जवळ बसली तर उत्तर ठरलेलं: “आई, हे तुला नाही कळणार.” आई उठून भाकऱ्या थापायला जाते. आमचं म्हणणं असं, की तिने उठू नये. कारण ज्या गोष्टीवर मुलगी अडलेली असते, ती गोष्ट आई रोज संध्याकाळी बोलत असते.

रात्रीचे साडेनऊ वाजलेत. मुलगी अंधेरीला कामाला जाते, विरार लोकलने येते. अजून आली नाही. घरात काय बोलणं चालतं?

“तिची गाडी चुकली नसेल ना?”

“पोचली असेल गं वसई रोडला.”

“मला नाही वाटत पोचली असेल.”

“दिवसभर राबली असली तरी फोन करायला काय होतं?”

आणि ती दारात आली, की: “आलीस एकदाची! बरं झालं.”

या पाच वाक्यांत सुब्जोंक्तिफ पासेचा निम्मा धडा आहे. ‘गाडी चुकली’ असं आपण म्हटलेलं नाही, ‘चुकली नसेल ना’ म्हटलंय. ‘राबली’ नाही, ‘राबली असली तरी’. क्रियापदाला शेपूट लागलं: असेल, नसेल, असली. त्या शेपटात आपलं मन आहे. गोष्ट घडली का नाही, ते नुसतं सांगायचं नाही, त्याबद्दल आपल्याला काय वाटतं ते सांगायचंय. फ्रेंच बाईही हेच करते. फक्त तिचं शेपूट मागे नसतं, पुढे असतं.

तीच भीती फ्रेंचमध्ये अशी: ‘झे पर कॅल ए राते ल त्रँ.’ मासिकात वाचणाऱ्या मैत्रिणींसाठी सांगतो, हे उच्चार देवनागरीत नीट उतरत नाहीत, अंदाजाने वाचा. ‘झे पर’ म्हणजे मला भीती वाटते. ‘कॅल’ म्हणजे ‘की ती’. ‘ए’ हे आपल्या ‘असेल’सारखं मदतीचं क्रियापद. ‘राते’ म्हणजे चुकलेली, हुकलेली. ‘ल त्रँ’ म्हणजे गाडी. जुळवा बरं: मला भीती वाटते, की तिची गाडी चुकली असेल.

आता यातली एक गंमत, जी शिकवताना आम्हाला सगळ्यात जास्त आवडते. नीटस फ्रेंच लिहिणारा माणूस या वाक्यात मध्येच एक ‘न’ घालतो: ‘कॅल न ए राते’ असं लिहायचं आणि म्हणताना जोडून ‘कॅल ने राते’ म्हणायचं. फ्रेंचमध्ये नकार द्यायचा तर ‘न’ आणि ‘पा’ असे दोन शब्द लागतात. इथे एकटाच ‘न’ येतो आणि त्याचा अर्थ नकार होत नाही. मुली विचारतात, “मॅडम, मग तो घालायचा कशाला?” आम्ही उलट विचारतो, “तुझी आई ‘गाडी चुकली नसेल ना’ म्हणते, त्यातला ‘न’ कशाला?” आईला तर गाडी चुकल्याचीच भीती वाटत असते, आणि तरी तोंडातून ‘नसेल’ येतं. भीतीच्या पोटात ‘तसं नको होऊ दे देवा’ अशी इच्छा असते, ती इच्छा त्या ‘न’मधून डोकावते. फ्रेंच व्याकरणवालेही त्यांच्या ‘न’चं कारण साधारण असंच देतात. बोलताना तिकडचे लोक आता तो बहुतेक गाळतात. आपल्या आया मात्र गाळत नाहीत.

तर रूप बनवायचं कसं? दोन भाग आहेत, पहिला मदतीचं क्रियापद आणि दुसरा मुख्य क्रियापदाचं ‘झालेलं’ रूप. आपल्याकडे ‘केलं’ अधिक ‘असेल’, त्यांच्याकडे ‘असेल’ अधिक ‘केलं’.

मदतीची क्रियापदं दोनच. एक ‘आव्ह्वार’, म्हणजे जवळ असणे. दुसरं ‘एत्र्’, म्हणजे असणे, होणे. यांची सहा-सहा रूपं पाठ असली, की बाकी सगळं आपोआप जुळतं. ‘आव्ह्वार’ची रूपं: मी ए, तू ए, तो-ती ए, आम्ही एयों, तुम्ही एये, ते-त्या ए. ऐकायला सोपी, सहातली चार सारखीच. लिहायला मात्र चारही वेगळी. मी म्हणजे ए-आय-ई, तू म्हणजे ए-आय-ई-एस, तो-ती म्हणजे ए-आय-टी, ते-त्या म्हणजे ए-आय-ई-एन-टी. परीक्षेत गुण जातात ते इथेच. ‘एत्र्’ची रूपं: मी स्वा, तू स्वा, तो-ती स्वा, आम्ही स्वायों, तुम्ही स्वाये, ते-त्या स्वा. लिहिताना मी आणि तू दोन्हीकडे एस-ओ-आय-एस, तो-ती एस-ओ-आय-टी, ते-त्या एस-ओ-आय-ई-एन-टी.

ही बारा रूपं घेताना आईला फ्रेंच यायला लागत नाही. मुलीची वही समोर धरा, तिला म्हणायला सांगा आणि अक्षरं जुळतात का ते पाहा. इंग्रजी मुळाक्षरं ओळखणारी कुठलीही आई, आजी किंवा धाकटा भाऊ हे काम करेल. भाजी निवडता निवडता होतं.

मग प्रश्न येतो, कुठल्या क्रियापदाला ‘आव्ह्वार’ लावायचं आणि कुठल्याला ‘एत्र्’? इथेही मराठीचा उपयोग होतो. आपण म्हणतो ‘ती आली, ती गेली, ती पोचली, ती पडली, ती राहिली, ती जन्मली’. आणि ‘तिने केलं, तिने खाल्लं, तिने पाहिलं, तिने लिहिलं’. एकीकडे ‘ती’, दुसरीकडे ‘तिने’. जिथे आपण ‘तिने’ म्हणतो तिथे फ्रेंचमध्ये बहुतेक वेळा ‘आव्ह्वार’ येतं. येणे, जाणे, पोचणे, निघणे, पडणे, राहणे, जन्मणे, मरणे, चढणे, उतरणे अशा थोड्या क्रियापदांना ‘एत्र्’ लागतं, आणि ती जवळजवळ सगळी आपल्याकडे ‘ती’वाली आहेत.

एक उदाहरण ऐका. पहाटेच्या लोकलने आपल्याकडच्या बायका फुलांच्या, भाजीच्या पाट्या घेऊन दादरला जातात. ‘ती गाडीतून उतरली.’ ‘तिने पाटी उतरवली.’ मराठीत दोन क्रियापदं झाली, उतरणे आणि उतरवणे. फ्रेंचमध्ये दोन्हीला एकच क्रियापद आहे, ‘देसांद्र्’. पण बाई स्वतः उतरली तर ‘एत्र्’ आणि पाटी उतरवली तर ‘आव्ह्वार’. ‘ती’ आणि ‘तिने’चा फरक त्यांनी मदतीच्या क्रियापदात ठेवलाय.

पण हा आडाखा आहे, कायदा नव्हे. ‘ती हसली, ती झोपली, ती धावली’ यांत आपण ‘तिने’ म्हणत नाही, तरी फ्रेंच तिथे ‘आव्ह्वार’ लावतं. म्हणून ‘एत्र्’ची छोटी यादी वेगळी पाठ हवीच. आणि स्वतःच स्वतःला काही करायचं, म्हणजे उठणं, आंघोळ करणं, वेणी घालणं, अशी जी क्रियापदं त्यांच्याकडे ‘स’ लावून येतात, तीही सगळी ‘एत्र्’कडे.

आता लिंगाची गोष्ट, जिच्यावर शहरातली इंग्रजी माध्यमातली मुलं हमखास अडखळतात. इंग्रजीत मुलगा आला काय आणि मुलगी आली काय, क्रियापद तेच. आपल्याकडे आला, आली, आलं. फ्रेंचमध्येही ‘एत्र्’ असेल तर तसंच: तो आला त्याचं ‘व्हन्यु’, ती आली त्याचंही ‘व्हन्यु’, पण लिहिताना मुलीसाठी शेवटी एक ‘ई’ जास्त. ऐकू येत नाही, म्हणून विसरतात. मराठीतून विचार करणारी मुलगी ‘आली’ असं मनात म्हणते आणि तिचा हात आपोआप ‘ई’ लिहितो.

‘आव्ह्वार’ असेल तेव्हा गंमत आणखी वाढते. आपण म्हणतो, ‘मी भात केला’, ‘मी भाकरी केली’, ‘मी पिठलं केलं’. करणारी मीच, पण क्रियापद माझ्याप्रमाणे बदलत नाही, भाताप्रमाणे आणि भाकरीप्रमाणे बदलतं. इंग्रजीवाल्याला हे समजावताना घाम फुटतो. फ्रेंचमध्येही हे आहे, पण एका अटीवर: ज्या वस्तूवर काम झालं तिचं नाव क्रियापदाच्या आधी आलं पाहिजे. नंतर आलं तर काही बदलत नाही. ‘आजवर आम्ही केलेली ही सगळ्यात चांगली भाकरी’ हे फ्रेंचमध्ये असं होईल: ‘से ला मेयर गालेत क नूझेयों फेत.’ गालेत म्हणजे चपटी गोल पोळी, त्यांच्याकडे स्त्रीलिंगी. ती आधी आली, म्हणून ‘फे’चं ‘फेत’ झालं. ‘केलेला’चं ‘केलेली’ व्हावं तसं. शिवाय ‘एयों’ पाहिलंत? ‘सगळ्यात चांगली’, ‘सगळ्यात मोठी’ असं म्हटलं, की पुढे सुब्जोंक्तिफ येण्याची रीत आहे. कारण सगळ्यात चांगली हे कोण ठरवणार? ते आपलं मत, पुन्हा मनातली गोष्ट.

इथे एक जरा बाजूची गोष्ट सांगू द्या. व्याकरण म्हणजे पुण्या-मुंबईच्या विद्वानांचं काम, आपण वसईकरांचा काय संबंध, असं कोणी म्हणालं तर तिला तर्खड गावाचं नाव सांगा. ज्यांना मराठी भाषेचे पाणिनी म्हणतात ते दादोबा पांडुरंग तर्खडकर, त्यांचं घराणं मूळचं आपल्या वसईजवळच्या तर्खडचं. ते स्वतः १८१४ साली मुंबईत जन्मले, आणि १८३६ साली, म्हणजे बाविसाव्या वर्षी, त्यांचं मराठी व्याकरणाचं पुस्तक निघालं. ‘मी भाकरी केली’ यात केली कोणाप्रमाणे चालते, असल्या प्रश्नांचा विचार करणाऱ्या माणसाच्या आडनावात आपल्या तालुक्यातलं गाव आहे.

आणि परक्या भाषेचं म्हणाल, तर १५३४ ते १७३९ अशी दोनशे पाच वर्षं वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. त्यांची भाषा फ्रेंचची सख्खी बहीण, दोघी लॅटिनच्या पोटच्या. सुब्जोंक्तिफ तिच्यातही आहे. त्यांच्याकडून आपण पाव घेतला, बटाटा, कोबी, अननस, काजू घेतले, चावी घेतली, घमेलं आणि पगारही घेतला. शब्द घरात येऊन इतके रुळले, की परके वाटतच नाहीत. क्रियापदाचे साचे मात्र आपण आपलेच ठेवले. ‘चावी हरवली असेल’ यात चावी त्यांची आहे, ‘असेल’ आपलं आहे.

आता मुलीला सगळ्यात उपयोगी पडेल तो भाग. हे रूप कधी वापरायचं आणि कधी नाही.

फ्रेंचमध्ये हे रूप बहुधा एकटं येत नाही. आधी एक वाक्य लागतं, मग ‘क’, आपला ‘की’. त्या आधीच्या वाक्यात मन कुठे उभं आहे ते पाहायचं. ‘झ क्र्वा’ म्हणजे मला वाटतं, माझा विश्वास आहे. ‘मला वाटतं, ती पोचली’ यात सुब्जोंक्तिफ नाही, साधा भूतकाळ: ‘झ क्र्वा कॅल ए-तारिव्हे.’ पण ‘मला नाही वाटत ती पोचली असेल’ म्हटलं, की लगेच ‘झ न क्र्वा पा कॅल स्वा आरिव्हे’. आपण मराठीत काय केलं? पहिल्यात ‘पोचली’, दुसऱ्यात ‘पोचली असेल’. ‘नाही वाटत’ म्हटल्याबरोबर जीभ स्वतःहून ‘असेल’कडे वळली. कोणी शिकवलं नव्हतं.

‘जरी’ म्हटलं तरी हेच. ‘दिवसभर राबली असली तरी’ याला ते म्हणतात ‘ब्यँ कॅल ए त्राव्हाये तूत ला झुर्ने’. आपली ‘असली’, त्यांचा ‘ए’.

मग मुदतीची वाक्यं. ‘दुपारपर्यंत तुझं झालेलं असायला हवं.’ गोष्ट अजून व्हायची आहे, तरी रूप भूतकाळाचं, कारण त्या वेळेपर्यंत ती होऊन गेलेली हवी. ‘इल फो क त्यु ए फिनी आव्हां मिदी.’ नावात ‘पासे’ म्हणजे भूत आहे म्हणून मुली गोंधळतात. आपण सुकेळी वाळत घालणाऱ्या बायकांना विचारा. ‘पावसाआधी केळी सुकलेली असायला हवीत’ हे त्या पाऊस पडून गेल्यावर म्हणतात का? आधीच म्हणतात.

इथवर मराठी हात धरून नेते. पुढे तीन ठिकाणी ती हात सोडते, तिथे सावध राहायचं.

पहिलं ठिकाण आनंदाचं. मुलगी दारात उभी आहे, डोळ्यांना दिसतेय. आपण म्हणतो, ‘तू आलीस, बरं झालं.’ ‘असावीस’ नाही, ‘असशील’ नाही. घडलेली गोष्ट, ती तशीच सांगायची. फ्रेंच बाई मात्र इथेही सुब्जोंक्तिफ घालते: ‘झ स्वी कोंतांत क त्यु स्वा व्हन्यु.’ मुलगी समोर असली तरी. तिच्या लेखी वाक्य मुलगी आली याबद्दल नाही, मला झालेल्या आनंदाबद्दल आहे. आनंद, दुःख, राग, आश्चर्य, खंत यांच्या मागे ‘क’ आला, की तिथे हे रूप. हे आपल्याला मुद्दाम लक्षात ठेवावं लागतं.

दुसरं आशेचं, आणि ते नेमकं उलटं. ‘पोचली असेल अशी आशा आहे.’ मराठीत ‘असेल’ आलं म्हणून मुलगी सुब्जोंक्तिफ लिहिते आणि चुकते. फ्रेंच आशा खात्रीच्या बाजूला उभी असते, ‘झेस्पेर कॅल ए-तारिव्हे’, साधा भूतकाळ. भीतीला सुब्जोंक्तिफ आणि आशेला नाही. हे असं का, यावर वर्गात भांडण लावून द्यावं असा विषय आहे. आमच्यातल्या वहीवालीचं मत, की भीती वाटते तेव्हा माणूस गोष्टीकडे धड पाहत नाही आणि आशा असते तेव्हा पाहतो. शिकवणारीचं मत, की भाषेला सगळीकडे कारण विचारू नये, पाठ करावं.

तिसरं ठिकाण ‘असतं’चं. ‘मी शिकले असते, तर...’ हे वाक्य आपल्या पिढीच्या बायकांच्या तोंडी किती वेळा येतं, सांगायला नको. त्याला मराठी व्याकरणात संकेतार्थ म्हणतात. मुलींना वाटतं, इतकं मनातलं वाक्य, म्हणजे सुब्जोंक्तिफच असणार. पण आजच्या बोलत्या-लिहित्या फ्रेंचमध्ये जर-तरच्या खंतीला वेगळी रूपं आहेत, ‘सि’ म्हणजे ‘जर’ने सुरू होणारी. तेव्हा ‘असती, असतं, असते’ दिसलं, की सुब्जोंक्तिफ पासेची वही बाजूला ठेवायची.

आता वही लिहिणारीला जरा बोलू द्या.

गटाच्या वहीत ‘असेल’ आणि ‘असावं’ चालत नाही. ‘हप्ता भरला’ किंवा ‘भरला नाही’. ‘भरला असावा’ असं कोणी लिहिलं, तर बँकेत कोणी ऐकून घेणार नाही. पण तोंडी बोलण्यात ‘असावा’ फार मोलाचा आहे, आणि तो आपण वाटेत सांडतो. सकाळी नळावर एक बाई म्हणते, “तिने गटाचे पैसे वापरले असावेत.” तिला खात्री नाही, म्हणून तिने ‘असावेत’ लावलं. दुपारी दुसरी सांगते, “तिने पैसे वापरले म्हणे.” संध्याकाळी तिसरी म्हणते, “तिने पैसे खाल्ले.” आधी ‘असावेत’ गेलं, मग ‘म्हणे’ गेलं, आणि ज्या बाईबद्दल बोलणं चाललंय तिला सांजवेळी दार लावून बसायची पाळी आली. वही उघडून पाहिली तर हिशेब बरोबर.

फ्रेंचमध्ये एक वाक्य आहे: ‘झ न दी पा कॅल ए प्री लार्झां.’ म्हणजे ‘तिने पैसे घेतले असं मी म्हणत नाही.’ मी म्हणत नाही, म्हणून ‘ए प्री’, सुब्जोंक्तिफ. साधा भूतकाळही तिथे चालतो, पण सुब्जोंक्तिफची सोय आहे. माझं म्हणणं नसलेली गोष्ट त्या भाषेत क्रियापदातच वेगळी काढून ठेवता येते. हे समजल्यापासून आमच्या बैठकीत एक सवय लागलीय. कोणी काही सांगायला लागली, की दुसरी विचारते, “झालं, का झालं असावं?” सुरुवातीला चेष्टाच होती. आता इतिवृत्त लिहिताना तोच प्रश्न आधी येतो.

मुलींच्या अभ्यासाबद्दल थोडं सांगून थांबतो. हे रूप थोडंफार बारावीपर्यंत भेटतं. खरं कामाला येतं ते पुढे, पदवीला फ्रेंच घेतलं तर, किंवा डेल्फ नावाच्या परीक्षेत बी-वन, बी-टू या पायऱ्यांवर. डेल्फचं प्रमाणपत्र फ्रान्सच्या शिक्षण खात्याचं असतं आणि ते जन्मभर चालतं, दर दोन वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही. मुंबईत आलियान्स फ्रान्सेझ ही संस्था ती भाषा शिकवते. फी किती आणि वर्ग कधी, ते तिथेच विचारावं, ऐकीव आकड्यांवर जाऊ नये. आणि फ्रेंच येतं म्हणून नोकरी हातात ठेवली जाते असं नाही. भाषांतर, पर्यटन, परदेशी कंपन्यांचं ग्राहकांशी बोलण्याचं काम, इथे ती भाषा उपयोगी पडते, पण बी-टूपर्यंत तरी जावं लागतं.

घरी करायचं ते इतकंच. आज रात्री मुलगी अभ्यासाला बसली, की तिला ही चार मराठी वाक्यं सांगा आणि फ्रेंचमध्ये करायला लावा. आधी तिने प्रत्येक वाक्यात सुब्जोंक्तिफ लागेल का नाही ते तोंडी सांगायचं, मग लिहायचं.

“आजी पडली नसेल ना, मला भीती वाटते.”

“मला वाटतं, बोट किनाऱ्याला लागली.”

“तुम्ही सगळ्या आलात, मला आनंद झाला.”

“पाऊस पडला असला तरी बाजार भरला.”

दुसऱ्या वाक्याला नाही म्हणाली आणि बाकीच्या तिन्हींना हो म्हणाली, तर बरोबर. पहिल्यात पडली ती आजी आहे आणि तिसऱ्यात आलेल्या सगळ्या बायका आहेत, तेव्हा दोन्हीकडे ‘एत्र्’ लावलंय का पाहा. मग बोट ठेवून शेवटची अक्षरं तपासा. आजीला एक ‘ई’ हवा, आणि सगळ्या आल्यात म्हणून तिथे ‘ई’ आणि त्यामागे ‘एस’.